हाफ टाइमचा सत्कार

एका माणसाला सिंगापुरात नोकरी लागत होती. मी त्याला भर मैदानात शाल, नारळ आणि एक भाषण दिलं, आणि ती नोकरी गेली.

खरं तर गोष्ट एवढीच आहे. पण माझी बायको म्हणते, तुम्ही तुमची चूक दोन वाक्यांत आटपलीत की समजावं, तुम्ही स्वतः कुठे उभे होतात ते गाळलं आहे. तेव्हा तेही सांगतो. फक्त आधी तो कुठे उभा असायचा ते सांगू द्या.

तो मैदानाच्या कडेला उभा असायचा. सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय बॉलवर, हात पाठीमागे, आणि नजर तुमच्या तोंडाकडे नाही तर बुटांकडे. तुम्ही धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचलात की तो त्या बुटांशीच बोलायचा.

"कशाला पळालासा?"

"बॉल तिकडे गेला म्हणून."

"तिकडं जाणार हे कवा कळलं?"

"गेल्यावर."

"मग बरोबर हाय. पळायचं ते चुकल्यावर. आदी नीट उभारला असतासा तर पळाय लागलं नसतं."

त्याच्या कोल्हापुरात माणसं उभी राहत नाहीत, उभारतात. आम्ही पुण्याकडची मंडळी पहिल्या दिवशी त्या शब्दाला हसलो. दुसऱ्या शनिवारी हसायला आमच्यापैकी कोणाकडे श्वास शिल्लक नव्हता.

त्याची ती ऐट मला इतकी आवडली की एकदा मी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, कोणी बघत नाही असं बघून, डावा पाय बॉलवर ठेवून हात मागे घेतले. बॉल पुढे गेला, मी मागे. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना गाणी शिकवत बसलेल्या दोन चिनी आजोबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी पिंजरे तेवढे जरा आत ओढले.

ती ऐट नव्हती हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षांत सिंगापुरातल्या बुकित बातोकला आमच्या आसपासच्या ब्लॉकांत बरीच मराठी घरं झाली होती. बँकवाले, अकाउंटंट, पुण्यामुंबईचे आयटीवाले. चार मराठी माणसं एकत्र आली की मंडळ होतं, तसं आमचंही झालं. अध्यक्ष म्हणजे तांजोंग पगारच्या एका बँकेत फार वरच्या मजल्यावर बसणारे एक गृहस्थ. क्रीडा सचिव मी, कारण त्या निवडीच्या सभेला मी उशिरा पोचलो होतो.

तो इथे आला तो बायकोबरोबर. ती सॉफ्टवेअर तपासायची, तिच्याकडे कामाचा पास. त्याच्याकडे तिच्या पासाला जोडलेला डिपेंडंट पास. हा शब्द आमच्या निम्म्या बायकांच्या कार्डावर होता आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. पुरुषाच्या कार्डावर तो दिसला की मात्र मंडळाला खोकला यायचा.

पहिल्याच सहभोजनात, हातात पुलावाची ताटली घेऊन, अध्यक्षांनी त्याला सर्वांदेखत विचारलं, "मग, दिवसभर काय करता तुम्ही?"

"भाजी निवडतो."

"नाही, म्हणजे त्याच्यानंतर?"

"फोडणी देतो."

"छान, छान," अध्यक्ष म्हणाले. "वहिनींची मजा आहे. आणि भारतात काय करत होता?"

"फुटबॉल."

"ती हौस झाली. नोकरी काय?"

"तीच. पगार घिऊन लाथा घालत हुतो."

आम्ही हसलो. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हसला असतात. साऱ्यांच्या ताटल्यांत गुलाबजाम होते आणि हा माणूस त्या खोलीतल्या कोणाच्याही वार्षिक मूल्यमापनात बसणारा नव्हता. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न टाकला, तो म्हणजे कॉलेज कुठलं. तेही त्याने तसंच सांगितलं. दहावीला दोनदा बसल्यावर शहरातल्या सगळ्या कॉलेजांनी त्याला नाही म्हटलं होतं. राहिलं होतं एकच, एका शाळेच्या इमारतीत संध्याकाळी भरणारं, दाराशी येईल त्याला आत घेणारं. रिक्षावाले, मटणाच्या दुकानात कामाला असलेली मुलं, लग्न ठरेपर्यंत काय करायचं म्हणून आलेल्या मुली. "तितं टीमला अकरावा भेटंना," तो म्हणाला. "मला बघून प्राचार्य म्हणले, पाय हायत न्हवं? बस झालं."

त्या कॉलेजातून तालमीच्या संघात, कारण कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींचेच असतात, तिथून गोव्याच्या एका क्लबात, मग कलकत्त्यात. पगारी डिफेंडर. त्याच्या पेठेने एकदा त्याला स्टेडियमपासून घरापर्यंत खांद्यावरून नेलं होतं, हे त्याच्या बायकोने सांगितलं, त्याने नाही.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "मीही कॉलेजात गोलकीपर होतो."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "हात बघू."

मी ज्योतिषासमोर धरावेत तसे दोन्ही हात पुढे केले. त्याने एकेक बोट दाबून पाहिलं.

"धाच्या धा सरळ हायत," तो म्हणाला. "कॅरम खेळत हुतासा काय?"

मी खरोखरच कॅरम खेळायचो. आंतरमहाविद्यालयीन दुसरा आलो होतो. पण ते सांगण्याची वेळ निघून गेली होती.

भारतीयांच्या वेगवेगळ्या गटांची एक हौशी स्पर्धा आसपास व्हायची. तमिळ, मल्याळी, बंगाली आणि त्या वर्षापासून आम्ही. तो आम्हाला शिकवायला तयार झाला आणि आम्ही त्याला वस्ताद म्हणू लागलो. सुरुवातीला चेष्टेने.

दर शनिवारी सकाळी आमचे जे हाल व्हायचे ते इतक्या वर्षांनी आठवलं तरी मला पाणी प्यावंसं वाटतं. एक आयटीवाला खेळताना सारखा "माझा, माझा" म्हणून ओरडायचा. वस्तादाने त्याला तोंडात पाण्याचा घोट धरून खेळायला लावलं. "गिळायचं न्हाई. शिट्टी झाल्यावर हितं थुकून दाखवायचं." दुसऱ्याने पास द्यायला वेळ लावला तर, "पास देतायसा का राजीनामा?" अध्यक्ष हौसेने नवे बूट घेऊन आले होते. त्यांना त्याने झाडाच्या सावलीत उभं केलं आणि सांगितलं, सावली हलंल तवाच हलायचं. अध्यक्षांना ते जमलं. बँकेत त्यांचं काम साधारण तेच होतं. पण आठवड्याभराने त्यांना सांगण्यात आलं, "तुम्ही बसल्यालंच बरं दिसता," आणि ते खुर्चीत गेले ते कायमचे.

मला त्याने गोलमध्ये उभं केलं नाही. गोलच्या मागे केलं. तिथे एक खोल सिमेंटचं गटार होतं आणि चुकलेला प्रत्येक बॉल त्यात जायचा. "पुणेकर," तो म्हणायचा, "बॉल आणायला इमानदार माणूस लागतो."

आम्ही हे सहन का केलं, असं तुम्ही विचाराल. एक कारण म्हणजे आम्हाला येऊ लागलं होतं. काही महिन्यांत आमची पोटं सुटलेली माणसं अशा जागी उभी राहू लागली की बॉल आपणहून त्यांच्या पायाशी यायचा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचे भाव यायचे. आणि दुसरं, ऑफिसात आम्हाला वर्षातून एकदा गुळगुळीत इंग्रजीत जे सांगितलं जाई ते हा माणूस दर शनिवारी मराठीत सांगत होता. त्याने बरं वाटायचं. घरी येऊन आम्ही आमटी-भात खाऊन झोपायचो.

परतफेडही करायचो. त्याच्या माघारी. "वस्तादांना विचारा, ते मोकळेच असतात." "वस्ताद, उद्या आमच्या गॅसवाल्यासाठी दार उघडाल का? तुम्ही घरीच असता ना." हे शेवटचं मात्र तोंडावर, आणि अध्यक्षांनी. तो गेला आणि त्याने दार उघडलं. आल्यावर एवढंच म्हणाला, "साहेबांच्या फ्रिजमधी नुसती औषधं हायत."

एका रविवारी दुपारी गटारातून काढलेले बॉल धुऊन, पोत्यात घालून मी त्याच्या घरी द्यायला गेलो. बायको ऑफिसला गेली होती, तिच्याकडे रविवारचंही काम असायचं. जाळीचं दार उघडं होतं. तो एका खुर्चीत बसला होता, डावा पाय दुसऱ्या खुर्चीवर आणि गुडघ्यावर गोठवलेल्या परोट्यांचं पाकीट. इथे दुकानात मिळतात तसले, तव्यावर टाकायचे.

"या," तो म्हणाला. "खाणार असला तर दुसरं पाकीट हाय. हे माझं."

त्याने पाकीट उचललं आणि मला गुडघा दिसला. भरायला घेतलेल्या वांग्याला देतात तशा त्यावर दोन चिरा होत्या, आणि सूज आणि रंगही वांग्याचाच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॉलवर पाय, एका पायावर भार, न पळण्याचं ते सगळं तत्त्वज्ञान. गणपतीच्या पंगतीला आम्ही जमिनीवर बसायचो आणि हा वाढायला उभा राहायचा. आम्ही म्हणायचो, काय सेवाभाव आहे.

"एक ऑपरेशन गोव्यात, एक कलकत्त्यात," तो म्हणाला. "आत दोन स्क्रू हायत. लोक म्हणतात खेळाडूचा मेंदू गुडघ्यात असतो. माझा तिथंच हुता. म्हणून तर ही गत."

मग त्याने मला सांगितलं. हौगांगकडच्या एका क्लबाला एक माणूस हवा होता. मोठ्यांच्या संघात डिफेन्सला खेळणारा आणि आठवड्यातून काही दिवस लहान मुलांना शिकवणारा, दोन्ही. त्यांनी याला बोलावून खेळवून पाहिलं होतं.

"तासभर उभारलो," तो म्हणाला. "लई खूश झाले. म्हणले, तू शांत खेळतोस. शांत न खेळून करतोय काय."

"डॉक्टरी तपासणी असेल ना पण?"

"ती छातीची. गुडघ्याला कोण इचारतंय. दोन मोसम काढतो कसंबी. तवर पोरांचं शिकवणं पक्कं हुतंय. मग काय, नुसतं उभारून शिकवायचं."

त्याने शेल्फावरून आपलं पासाचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्यावर त्याचा फोटो होता, पोलीस ठाण्यात काढल्यासारखा.

"ह्ये बगा. तिच्या कार्डाला माझं कार्ड लटकवलंय. तिचं काम सुटलं की माझं राहणं सुटलं. मी काय वाईट म्हणत न्हाई, लई करती ती. पण मला एक कार्ड माझ्या नावाचं पायजे, पुणेकर. एकदा. मग भाजी निवडायला माझी काय हरकत न्हाई."

मी कार्ड परत दिलं. त्याने ते पुन्हा शेल्फावर ठेवलं.

"त्यांचा माणूस आपली मॅच बघाय येणार हाय," तो म्हणाला. "मी माणसं कशी तयार करतो ते बघायला. एक खुर्ची ठेवा त्याला. गुडघ्याचं कुठं बोलू नका."

"छे, छे," मी म्हणालो. आणि ते मनापासून म्हणालो, हे कृपया लक्षात ठेवा.

उठता उठता मी त्याला सांगून टाकलं, की त्याच दिवशी मंडळातर्फे तुमचा छोटासा सत्कार करावा असं माझ्या मनात आहे. त्याचा चेहरा एकदम कडक झाला.

"शाल-बिल आणू नका. आमच्यात खेळतोय तवर हार घालतात. संपला की शाल. शाल घातली की गडी संपला."

"अहो, साधीच."

"नको म्हणलं न्हवं."

आता इथे आमच्या मंडळाची रीत समजून घ्या. आमच्याकडे सत्कारमूर्ती आधी नको म्हणते. मी कशाला, माझं काय एवढं मोठं काम, हे झालंच पाहिजे. जो जितका ठामपणे नको म्हणेल त्याला तितकी भारी शाल. आमच्या माजी खजिनदारांनी तर सत्काराला येणारच नाही म्हणून सांगितलं होतं. ते आले, आणि येताना नवा कुडता घालून आले. तेव्हा वस्ताद दोनदा नको म्हणाल्यावर मी मनात हिशेब केला की नुसती शाल पुरणार नाही, जरीकाठाची लागेल.

मी एमआरटीने लिटल इंडियात गेलो. शाल मिळाली, नारळही शेंडीवाला मिळाला. परत येताना गाडीत एक शाळकरी मुलगी नारळाच्या शेंडीकडे इतकी टक लावून बघत होती की मी तो रुमालात गुंडाळला. मग तो आणखीच कोणाच्या तरी डोक्यासारखा दिसू लागला.

सामना मल्याळी संघाशी होता. ती माणसं चालायला शिकण्याआधी बॉल मारायला शिकतात. पण पहिल्या अर्ध्यात त्यांना एकही गोल करता आला नाही. ते पळत होते, आमचे उभे होते, आणि बॉल आमच्याकडे येत होता. आमच्या बायका आधी गप्पा मारत होत्या, त्या गप्प होऊन बघायला लागल्या.

क्लबाचा माणूस वेळेवर आला. मध्यमवयीन चिनी गृहस्थ, पोट थोडं पुढे, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दोरीने धरायची कॉफीची प्लास्टिकची पिशवी. मी त्यांना अध्यक्षांशेजारी खुर्ची दिली. ते स्ट्रॉने कॉफी ओढत होते आणि आमच्या प्रत्येक चांगल्या अडवणुकीला मान हलवत होते. एकदा त्यांनी वस्तादाकडे बघून अंगठा वर केला. वस्तादाने बॉलवरचा पाय काढला नाही, पण हात पाठीमागून पुढे आला आणि पुन्हा मागे गेला. त्याच्या दृष्टीने हा नाचच होता.

हाफ टाइमची शिट्टी झाली आणि मी शाल घेऊन मैदानात गेलो.

माझं म्हणणं ऐकून घ्या. आमच्या मंडळातली माणसं त्याला डिपेंडंट म्हणून हसत होती. मला त्यांना सांगायचं होतं की हा कोण आहे. आणि सत्काराच्या भाषणात नुसतं यश सांगून भागत नाही. खडतर परिस्थिती लागते. संध्याकाळचं कॉलेज सांगितलं तेव्हा लोक नुसते चुळबुळले. मटणाच्या दुकानातले वर्गमित्र सांगितले तेव्हा थोडे शांत झाले. पण डोळ्यांत पाणी येईना. पाणी यायला अजून एक गोष्ट लागत होती, आणि ती माझ्याकडे होती.

गुडघ्याचं कुठे बोलायचं नाही हे मला पक्कं आठवत होतं. म्हणूनच मी आधी पाहुण्यांकडे बघून घेतलं. त्यांना मराठी येत नव्हतं. मी मराठीतच बोलत होतो. मूर्ख असलो तरी मी बेसावध नव्हतो, आणि त्या वेळी मला हा फरक फार मोठा वाटायचा.

मी सांगितलं. गोव्याचं ऑपरेशन सांगितलं, कलकत्त्याचं सांगितलं, दोन स्क्रू सांगितले. या माणसाला आज दोन जिने उतरता येत नाहीत, मी म्हणालो, पण त्याने आपल्याला आपल्या पायांवर उभं केलं. मी गहिवरलो. गहिवरलो की मला स्वतःचा आवाज आवडू लागतो. बायका पदर शोधू लागल्या, आणि जीन्समध्ये तो नव्हता म्हणून टिश्यू काढू लागल्या. कडेला मला दिसत होतं की अध्यक्ष पाहुण्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलत आहेत. मला वाटलं, व्याजदर.

व्याजदर नव्हते. आलेला पाहुणा आपल्या भाषेमुळे एकटा पडू नये, एवढं साधं सौजन्य अध्यक्षांकडे होतं. ते माझ्या भाषणाचं, वाक्यागणिक, तांजोंग पगारच्या उत्तम इंग्रजीत भाषांतर करत होते.

मी वस्तादाला शाल पांघरली. अर्धी चड्डी, शिट्टी, जरीकाठाची शाल आणि हातात नारळ. त्या उन्हात तो इतका विचित्र दिसत होता की मल्याळी संघानेही टाळ्या वाजवल्या.

पाहुणे उठून गवत ओलांडून आले. त्यांनी वस्तादाशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. शालीचा काठ बोटांत धरून "व्हेरी नाइस" म्हणाले. मग आवाज खाली घेऊन विचारलं, "कोच, नी ओके ऑर नॉट?"

"ओके," वस्ताद म्हणाला.

"कॅन स्क्वॉट?" असं म्हणून ते गृहस्थ जागच्या जागी उकिडवे बसले. पोटासकट, कॉफीच्या पिशवीसकट, बसस्टॉपवर बसतात तसे सहज. खालून वर बघत म्हणाले, "लाइक धिस."

टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. काही जणांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला.

वस्तादाने नारळ माझ्या हातात दिला आणि तो खाली बसू लागला. निम्म्यापर्यंत गेला. मी शेजारीच होतो म्हणून मला आवाज ऐकू आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. तो तिथेच राहिला. त्याला खाली जाता येईना आणि वर येता येईना. शाल एका खांद्यावरून घसरून गवतावर आली. त्याने आधारासाठी हात पुढे केला, आणि त्या हाताला लागायला माझ्याकडे फक्त नारळ होता.

पाहुण्यांनीच उठून त्याला कोपराला धरून वर घेतलं. फार हळुवारपणे. तेही कधीतरी खेळले असावेत. "नेव्हर माइंड लाह," ते म्हणाले. "यू व्हेरी गुड कोच." मग खुर्चीपाशी जाऊन छत्री उचलली आणि दुसरा अर्धा सुरू होण्याआधी निघून गेले.

"गेले का?" अध्यक्ष मला म्हणाले. "भाषण आवडलं हं त्यांना. एकसारखे विचारत होते, आर यू शुअर, आर यू शुअर."

मी वस्तादाकडे गेलो. त्याने शाल घडी करून बाकावर ठेवली होती आणि तो पुन्हा बॉलवर पाय ठेवून उभा होता. माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, "पुणेकर, गोलात जावा."

"मी?"

"कॉलेजात खेळला हुतासा न्हवं."

त्याने आमच्या चांगल्या गोलकीपरला बाहेर काढलं आणि माझ्या हातातला नारळ काढून घेऊन मला आत पाठवलं. त्यानंतर काय झालं त्याची चित्रफीत आहे. एका आयटीवाल्याने नवा हँडीकॅम आणला होता. वस्ताद माझ्या गोलच्या मागे, गटारापाशी, नारळ काखेत धरून उभा होता, आणि मी गोल खाल्ला की शांतपणे एकच वाक्य बोलायचा. "बरोबर उभारला हुतासा, बॉल चुकला." ते वाक्य चित्रफितीत सहा वेळा आहे. आमचे लोक शेवटी शेवटी बॉल अडवायचंही विसरले, कारण त्यांना माझ्याकडे बघायचं होतं.

क्लबाने त्याला घेतलं नाही. नुसतं कोच म्हणून का घेत नाहीत, असं मी कोणाकरवी तरी विचारवलं. नुसते कोच त्यांच्याकडे पुष्कळ होते.

थोड्या दिवसांनी त्याचा फोन आला. रविवारी दोघांनी जेवायला या. मी दोन रात्री नीट झोपलो नाही. बायको म्हणाली, मारणार असता तर जेवायला कशाला बोलावलं असतं. मग म्हणाली, जेवल्यावरही मारतात म्हणा.

त्याने स्वतः रांधलं होतं. मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. त्याची बायको फार अगत्याने वाढत होती. "भावजी, चित्रफीत आली आमच्याकडे," ती म्हणाली. "तुमचा आवाज किती स्पष्ट आलाय." मी वाटीत तोंड घातलं. पांढरा रस्सा असा मी पूर्वी खाल्ला नव्हता आणि नंतरही नाही.

"कसा झालाय?" वस्तादाने विचारलं.

"उत्तम."

"नारळ तुमचाच हाय."

माझ्या बायकोने आणखी एक वाटी मागून घेतली. कोणाच्या बाजूने आहे ते तिला असं दाखवता येतं.

जेवण झाल्यावर तो दोन खुर्च्यांवर बसला. त्याच्या बायकोने फ्रीजरमधून परोट्यांचं पाकीट आणून दिलं आणि त्याने ते एका कापडात गुंडाळून गुडघ्यावर ठेवलं. जरीचा काठ मी लांबून ओळखला.

"चांगली हाय," तो म्हणाला. "पाणी गळत न्हाई."

मग मी बोललोच. म्हणालो, माझी फार मोठी चूक झाली. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"चुकल्यावर काय करायचं असतंय, पुणेकर?"

मला उत्तर पाठ होतं. "पळायचं."

"मग पळा की. का पान खाऊन?"

पान खाऊन पळालो.

पुढच्या वर्षी त्याच्या बायकोचं काम संपलं. तिचा पास गेला, तिच्याबरोबर याचाही. दोघं कोल्हापूरला परत गेली. निरोपाला आम्ही विमानतळावर गेलो होतो, मुद्दाम रिकाम्या हाताने. अध्यक्षांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी पुष्पगुच्छ आणला. वस्तादाने तो घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "ही कसली भाजी?" आमचा संघ त्यानंतर एक मोसम टिकला. सगळे पुन्हा पळायला लागले होते.

मध्ये काही वर्षं गेली. गेल्या सर्वसाधारण सभेत मंडळाने ठरवलं की क्रीडा सचिवपदावरून निवृत्त होताना माझा सत्कार करायचा. मी नको म्हणालो. पुन्हा नको म्हणालो. ते जरीकाठाची शाल बघायला लागले. आणि इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदाच कळलं की नको म्हणणाऱ्या माणसाला ते कधीकधी खरंच नको असतं. मी कोल्हापूरला फोन लावला. वाटलं, ऐकून हसेल, आणि हसला तर बरं होईल.

तो मैदानावर होता. संध्याकाळी तालमीच्या मुलांना शिकवतो, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. फोनमध्ये मुलांचा गलका येत होता आणि मध्येच त्याचा आवाज, माझ्यासाठी नसलेला. "कशाला पळालास रे?"

मी त्याला सगळं सांगितलं. शाल घालणार आहेत म्हणालो. तुम्हीच म्हणाला होतात, शाल घातली की गडी संपला.

त्याने शिट्टी मारून मुलांना थांबवलं.

"घ्या की बिनघोर," तो म्हणाला. "संपायला आदी कायतरी सुरू व्हावं लागतंय."